आक्षेपार्ह शब्द

“‘टवळी’ म्हणजे काय, ठाऊक आहे तुला?” शेजवळ वकिलांनी विचारलं.

मी म्हणाले, ठाऊक आहे.

“सांग बघू.”

“आक्का म्हणतात तसा अर्थ सांगू, की तुमच्या पुस्तकातला?”

त्यांच्यासमोर टेबलावर जाडजूड शब्दकोश होता आणि त्यातून कागदाच्या चिठ्ठ्या बाहेर आल्या होत्या. शेजारी दाभाडे मॅडम होत्या, चौकशी समितीच्या अध्यक्ष. कडक इस्त्रीची साडी, पांढरे केस, आयुष्य कॉलेजात प्राचार्य म्हणून काढलेली बाई. त्यांनी मला पाणी ओतून दिलं आणि म्हणाल्या, “घाबरू नकोस. तू शिक्षकाच्या घरातली मुलगी आहेस, तुझी भाषा चांगली आहे. असल्या शब्दांचा तुला किती त्रास झाला असेल, आम्ही समजू शकतो. म्हणून तुलाच पहिल्यांदा बोलावलं.”

वकिलांनी शब्दकोशातला अर्थ वाचून दाखवला. उनाड, निर्लज्ज स्त्री. मग पुढची चिठ्ठी. भवानी. मग सटवी. प्रत्येक अर्थ वाचून झाला की ते चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे, आणि माझ्या अंगात सकाळपासून जे तापत होतं ते आणखी तापत जायचं.

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. ही लिहून काढ म्हणून पमी किती दिवस मागे लागली होती. पमी म्हणजे प्रमिला कोळेकर. ती आज सांगलीला पोलिसात हवालदार आहे आणि तिची मुलगी माझ्याकडे कबड्डी शिकायला येते. तेव्हा आम्ही दोघी एकोणीस वर्षांच्या होतो. पुण्याबाहेर एका शिक्षणसंस्थेनं मुलींसाठी निवासी कबड्डी प्रबोधिनी चालवली होती, तिथं आम्ही राहायचो, खेळायचो आणि जवळच्या कॉलेजात नावापुरतं शिकायचो.

मी वाईची, वैजयंती भिलारे. माझे वडील हायस्कूलला मराठी शिकवायचे. आमच्या घरात ‘पायजे’ म्हटलं तर ‘पाहिजे’ म्हणेपर्यंत भाजी वाढली जायची नाही. अशा घरातून मी मालन खोत नावाच्या बाईच्या हाती येऊन पडले. त्या आमच्या प्रशिक्षिका. शिरोळ तालुक्यातल्या. राज्याकडून खेळलेल्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. आक्का स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असं बोलायच्या. तिकडच्या बायका बोलतात तसंच ते. पहिले दोन दिवस आम्ही नव्या मुली तोंडावर हात ठेवून हसत होतो. तिसऱ्या दिवशी मैदानावर उतरलो आणि हसायचं विसरलो. आक्काच्या तोंडाला झाकणच नव्हतं. पकड सुटली की टवळे, वेळेवर उठली नाहीस की भवाने, ताटात भात टाकलास की सटवे. आणि जास्तच झालं तर ‘मढं बशिवलं तुझं’.

मी आठवड्याभरात घरी फोन केला आणि रडले. बाबा पहिल्या गाडीनं आले. त्यांनी सकाळचा सगळा सराव मैदानाच्या कडेला बसून पाहिला. मला वाटलं, आता सामान बांधायला सांगतील. त्यांनी विचारलं, “तू पडलीस तेव्हा त्या शिव्या देतात, की पडून राहिलीस तेव्हा?” मला यात फरक काय ते कळेना. बाबा म्हणाले, मग आणखी महिनाभर राहा, आणि ते कळलं की मला कळव.

कळलं ते नाशिकच्या सामन्यात. पकडीत माझ्या अंगावर तिघीजणी आल्या आणि गळ्याचं हाड मोडलं. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. गाडी कुठं दिसेना तशी आक्कानं मला पाठीवर घेतलं आणि भर रस्त्यातून दवाखान्याकडे पळत सुटली. सगळा रस्ताभर ती मला शिव्या देत होती. मढं बशिवलं तुझं, डोळं मिटशील तर बघ. सटवे, माझ्या पाठीवर मरायचं न्हाई, तुझ्या बापाला काय सांगू मी. तिचा घाम माझ्या गालाला लागत होता आणि ती थांबेल या भीतीनं मी डोळे उघडे ठेवत होते. ती शिव्या द्यायची थांबेल, ही भीती.

कारण आक्का शिव्या द्यायची थांबली की काय होतं, ते आम्ही पाहिलं होतं. एकदा एका मोठ्या मुलीनं दुसरीचे बूट चोरले आणि आळ तिसरीवर घेतला. आक्काला कळलं. ती त्या मुलीला नुसतं म्हणाली, “आपण जेवून घ्या.” बस्स. पुढं तीन दिवस आपण उठा, आपण खेळा, आपण बसा. ती मुलगी तिच्या दारात बसून रडायची, म्हणायची, आक्का एक शिवी द्या. आक्काच्या बोलीत सगळ्यात घाण शब्द कुठला असेल तर तो ‘आपण’.

हे मी समितीपुढं सांगितलं. नाशिकचं सांगितलं, बुटांचंही सांगितलं. दाभाडे मॅडम ऐकत होत्या. वकिलांनी मात्र मध्येच थांबवलं.

“म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे शिवी हा आशीर्वाद?”

“नाही सर. शिवी म्हणजे शिवीच. पण ती कोणाला, कशासाठी दिली ते पुस्तकात नाही.”

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. म्हणाले, मूळ मुद्द्यावर ये. त्या दिवशी नगरकर सरांच्या कार्यालयात काय झालं?

विश्राम नगरकर हे प्रबोधिनीचे संचालक. पन्नाशीचे, नीटनेटके, हळू आवाजात बोलणारे. मी आयुष्यात त्यांच्याइतकी गोड मराठी बोलणारा माणूस पाहिला नाही. शिपायालाही ते ‘आपण’ म्हणायचे आणि आम्हा सगळ्यांना ‘बेटा’. पालक सभेत त्यांनी तोंड उघडलं की आया पदरानं डोळे टिपायच्या. माझ्या बाबांनासुद्धा त्यांची भाषा फार आवडली होती. त्यांनी कधीकाळी मालिश आणि व्यायामोपचाराचा काही कोर्स केला होता, त्यामुळे कोणाला दुखापत झाली की तिला ते कार्यालयात ‘पाहणी’ला बोलवायचे.

पमी आमची सगळ्यात चांगली चढाईपटू. जत तालुक्यातली, उन्हानं रापलेली, हरणासारखी. तिचा उजवा गुडघा दुखावला म्हणून तिला पाहणीला बोलावलं. एकदा, दोनदा, मग वरचेवर. गुडघा बरा झाला तरी बोलावणं थांबेना. तिथून आली की ती अंघोळ करायची. सकाळी केलेली असली तरी पुन्हा. आम्ही चिडवायचो, ती हसायची नाही.

एक दिवस सरावात ती चढाईला आली आणि मी तिचा घोटा धरला. रोज धरत होते. तिचा दम तिथंच तुटला. ती ओरडली नाही, झटापट केली नाही, नुसती खाली बसली आणि दोन्ही हातांनी आपले पाय पोटाशी ओढून घेतले. मी जवळ गेले तर म्हणाली, हात लावू नको. कबड्डीच्या मैदानावर.

आक्कानं शिट्टी मारली. आम्हाला लांबच्या कडेनं पळायला लावलं आणि स्वतः पमीजवळ जाऊन बसली. आम्ही पळता पळता बघत होतो. आक्का काही विचारताना दिसत नव्हती. थोड्या वेळानं पमी आपणहून बोलायला लागली.

ती उठून गेल्यावर आक्का सामानाच्या खोलीत गेली आणि पेचकस घेऊन बाहेर आली. मला हाक मारली. म्हणाली, “वैजे, चल. साक्षीला एक माणूस लागतं. तू नीट बोलतीस.”

तिनं त्या वेळी मला शिवी दिली नाही. मी काही न विचारता मागून चालायला लागले.

नगरकर सर फायली बघत होते. आक्काला पाहून उठले, म्हणाले, या मालनताई, बसा. आक्का बसली नाही. तिनं दार अर्धं लोटलं आणि दाराच्या आतल्या कडीचे स्क्रू काढायला सुरुवात केली. रंगात बसलेले जुने स्क्रू होते, सहज फिरत नव्हते. सर विचारत होते, हे काय चाललंय, आपल्याला काही अडचण आहे का, आपण शिपायाला सांगू. आक्का स्क्रू फिरवत राहिली. घामेजल्या हातांनी शेवटचा स्क्रू काढला, कडी सरांच्या फायलीवर ठेवली आणि मग बोलली. बूटचोरीचे ते तीन दिवस सोडले तर मी तिच्या तोंडून अशी भाषा कधी ऐकली नव्हती.

“नगरकर साहेब, आपलं दार आता आतून लागणार नाही. आपण प्रमिलाला पुन्हा बोलावू नये. आपण कुठल्याच मुलीला बोलावू नये.”

आक्कानं कोयता उगारला असता तरी मी एवढी घाबरले नसते.

सर हसले. तसेच हसले, जसे ते पालक सभेत हसायचे. “मालनताई, आपण थकलेल्या दिसता. आपला काहीतरी गैरसमज झालेला आहे.” मग माझ्याकडे वळून, “वैजयंती, बेटा, तू जा.”

“ती हितंच थांबल,” आक्का म्हणाली.

एवढंच घडलं. दोन दिवसांनी सरांची तक्रार संस्थेकडे गेली. प्रशिक्षिकेनं संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान केलं, संचालकांना अश्लील शिवीगाळ केली, आणि ती मुलींनाही रोज अर्वाच्य भाषेत बोलते. आक्काला त्याच दिवशी वसतिगृह सोडायला लावलं. आणि ‘विद्यार्थिनींच्या हितासाठी’ ही समिती नेमली. पमीचं नाव त्या तक्रारीत कुठंच नव्हतं. पमीचं जे झालं, त्याला कागदावर जागाच नव्हती.

“त्या दिवशी त्यांनी सरांना कोणकोणत्या शिव्या दिल्या?” वकिलांनी विचारलं.

“एकही नाही.”

ते हसले. “दिवसभर शिव्या देणारी बाई भांडणात शिवी देत नाही?”

“भांडणात नाही देत. आत्ताच सांगितलं मी.”

ते मॅडमकडे वळून हळूच म्हणाले, मुलगी प्रशिक्षिकेच्या प्रभावाखाली आहे. मला ऐकू यावं इतपत हळू.

मी म्हणाले, नगरकर सर पमीशी काय बोलले, ते तुम्ही विचारणार नाही का? मॅडमनी मान वर केली. मी सांगायला सुरुवात केली. पमीनं मला आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं आणि म्हणाली होती, तू सांग, माझ्या तोंडातनं निघत न्हाई. मी तिला दोनदा विचारून घेतलं होतं, खरंच सांगू ना. दाभाडे मॅडम लिहून घेत होत्या. मग त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं.

“‘बेटा, संकोच करू नकोस. मी तुझ्या वडिलांसारखा आहे. श्वास सोड. असं आखडून बसू नये. आपल्या माणसाजवळ कसली लाज?’ बरोबर?”

“बरोबर.”

त्यांनी ती ओळ पुन्हा मनाशी वाचली. मग चष्मा काढून मला विचारलं, “बाळ, यात आक्षेपार्ह शब्द कोणता?”

त्या खोटं बोलत नव्हत्या. टोमणा मारत नव्हत्या. मनापासून विचारत होत्या. त्यांना त्या वाक्यात खरंच काही सापडत नव्हतं. याचा मला जो संताप आला तो आजही उतरलेला नाही. टवळीसाठी जाडजूड पुस्तक आणलं होतं. चिठ्ठ्या घातल्या होत्या. आणि यासाठी काही नव्हतं, कारण यातला प्रत्येक शब्द देवघरात ठेवावा इतका स्वच्छ होता.

मी म्हणाले, हे म्हणताना त्यांचा हात कुठं होता ते विचारा.

“तू पाहिलंस?” वकील म्हणाले.

“दार आतून बंद असायचं.”

“मग जे पाहिलं नाही त्याबद्दल बोलू नये. आपण शब्दांपुरतं बोलू.”

मी उठले. मला आठवतं, उठताना माझ्या डोक्यात काही ठरलेलं नव्हतं. मी टेबलाला वळसा घातला. त्यांना वाटलं मी बाहेर चालले आहे, म्हणून कोणी अडवलं नाही. मी शेजवळ वकिलांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले आणि माझा तळहात त्यांच्या मानेवर ठेवला. साठीचा जाड माणूस, सफारीतला. माझा अंगठा मी त्यांच्या कॉलरच्या आत सरकवला. आणि नगरकरांसारख्याच हळू, गोड आवाजात म्हणाले,

“सर, संकोच करू नका. तुम्ही माझ्या वडिलांसारखे आहात. श्वास सोडा.”

त्यांची मान माझ्या हाताखाली लाकडासारखी ताठ झाली. क्षणभर ते हललेच नाहीत. मला तेव्हा कळलं, पमी पळून का गेली नाही, ओरडली का नाही, असं जे लोक विचारतात त्याचं उत्तर हे आहे. एवढा मोठा माणूस, वकील, दार उघडं, समोर दुसरं माणूस बसलेलं, आणि तरीही तो आधी गोठला. मी अंगठा आणखी थोडा आत नेला.

“असं आखडून बसू नये, सर. आपल्या माणसाजवळ कसली लाज?”

मग ते उसळले. खुर्ची मागं पडली, शब्दकोश खाली गेला. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि ते एका हातानं स्वतःची मान पुसत होते, पुन्हा पुन्हा, काही लागलं असल्यासारखी. हा काय निर्लज्जपणा आहे, असं काहीतरी ते ओरडले.

मी विचारलं, “सर, यात आक्षेपार्ह शब्द कोणता?”

दाभाडे मॅडम त्यांच्या त्या मान पुसणाऱ्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि मला म्हणाल्या, “तू बाहेर बस.” आवाज बदललेला होता.

बाहेर नगरकर सर चहा घेत होते. “झालं, बेटा?” त्यांनी विचारलं. मी त्यांच्यासमोरून पुढं गेले. बाकावर पमी होती. येणार नाही म्हणाली होती, तरी आली होती. आतला आरडाओरडा तिनं ऐकला होता. ती उठली, ओढणी नीट केली आणि कोणी नाव पुकारायच्या आधीच आत गेली. किती वेळ होती मला सांगता येणार नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या मागोमाग दाभाडे मॅडम दारापर्यंत आल्या होत्या, आणि नगरकर सर ‘नमस्कार मॅडम’ म्हणत उठले तेव्हा त्यांनी नमस्कार घेतला नाही.

मला वाटलं, झालं. आता संपलं.

त्याच आठवड्यात पमीचे वडील तिला न्यायला आले. कार्यालयातून त्यांना फोन गेला होता. आपल्या मुलीची प्रकृती नाजूक आहे, थोडे दिवस तिला घरी विश्रांती मिळाली तर बरं. मेंढ्या राखणारा साधा माणूस, हात जोडून सगळ्यांचे आभार मानत तिला घेऊन गेला. आणि महिन्यानं समितीचा निर्णय आला. मालन खोत यांना अर्वाच्य भाषा आणि मालमत्तेचं नुकसान या कारणांवरून कामावरून काढलं. संचालकांच्या बाबतीत ‘अतिवात्सल्यातून झालेला गैरसमज’. हे शब्द मी मनानं रचलेले नाहीत. अतिवात्सल्य. दाभाडे मॅडमनी त्यावर सही केली नाही, असं पुढं कळलं. पण इतर दोन सह्या पुरेशा होत्या. एक वकिलांची, आणि एक संस्थेच्या त्या सदस्याची, जो मला बोलावलं त्या दिवशी आलाच नव्हता. कार्यालयाच्या दाराला नवी कडी बसली.

संस्थेच्या चषकाचे सामने आमच्याच मैदानावर होते. पालक, विश्वस्त, पत्रकार, मांडव. पहिल्या सामन्याच्या आधी पाहुण्यांशी खेळाडूंची ओळख करून द्यायची, हस्तांदोलन करायचं, अशी पद्धत. नगरकर सर पाहुण्यांच्या पुढं चालत होते आणि निवेदक माईक घेऊन शेजारून, एकेकीचं नाव सांगत. आम्ही सातजणी ओळीत उभ्या होतो. काय करायचं ते आदल्या संध्याकाळी ठरलं होतं. कोणावर जबरदस्ती नव्हती. जिला जमणार नाही तिनं गप्प राहावं, एवढंच बोलणं झालं होतं.

कप्तान म्हणून मी पहिली. सरांनी हसून हात पुढं केला. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

“साहेब, आपण हात लावू नये.”

निवेदकाचा माईक उघडाच होता. माझा आवाज मांडवाच्या चारी कोपऱ्यांतून माझ्याकडे परत आला. सरांचं हसू तसंच राहिलं. त्यांना थांबताही येईना, कारण मागून पाहुणे येत होते. ते दुसरीपुढं गेले. तिनं हात मागं घेतले. साहेब, आपण हात लावू नये. तिसरी. चौथी. पाचवी दापोलीची एक पोर होती, वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. मला वाटलं ती गप्प राहील. तिचा आवाज मध्येच फाटला, तरी तिनं वाक्य पुरं केलं. सहाव्या मुलीपुढं सरांचा हात खाली गेलेला होता, तरी तिनं म्हटलं. सातवीनंही म्हटलं.

पालकांमधून एक बाई उभी राहिली. मग तिच्या शेजारची. कोणीतरी विचारलं, पोरी असं का म्हणतायत? साधा प्रश्न होता. समितीनं तो विचारला नव्हता.

तो सामना आम्ही हरलो. चढाईला पमी नव्हती. पण त्या संध्याकाळी पालक कार्यालयासमोर बसले ते उठेचनात, आणि पंधरवड्यात नगरकर सरांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. त्यांचा निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ. एक विश्वस्त म्हणाले, असा मृदुभाषी माणूस होणे नाही. खटला झाला नाही, काहीही झालं नाही. पुढं दुसऱ्या जिल्ह्यात कुठंतरी त्यांना व्याख्यानांना बोलावतात, असं ऐकलं. आक्काला परत बोलावलं नाही.

तरीही राजीनाम्याच्या दिवशी मी आनंदात होते. मी कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या दुकानात गेले आणि आक्काच्या गावात तिच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. तिला बोलावून आणायला वेळ लागला. मी तिला सगळं सांगितलं. माईकचं, ओळीचं, राजीनाम्याचं. आक्का ऐकत होती, मध्ये हं हं करत होती. माझं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, “आनि पमी?”

मी म्हणाले, ती घरीच आहे. घराबाहेर पडत नाही म्हणे. तिच्या वडिलांनी स्थळं बघायला सुरुवात केली आहे.

“मग तुमी जिंकलासा कशात?” आक्का म्हणाली. मग तिनंच ठरवून टाकलं, “मी उद्या पैल्या गाडीनं जतला जातो. तू येतीस?”

मी येते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जतच्या स्टँडवर आक्का पाण्याच्या टाकीजवळ बसलेली होती. तिथून आम्ही वडापच्या जीपनं पमीच्या वाडीवर गेलो. माळावर दोन खोल्यांचं घर, अंगणात मेंढ्यांचं कुंपण. पमीचे वडील चहा ठेवा म्हणाले पण आमच्याकडे बघत नव्हते. आक्का त्यांच्याशी बोलली, मोठ्या आवाजात, तिच्या नेहमीच्या भाषेत. पोरीनं काय गुन्हा केलाय म्हणून तिला कोंडून घातलीस, हे विचारलं, आणि तिला माझ्याकडं ऱ्हायला धाड म्हणाली. तो माणूस खाली मान घालून बसला होता. म्हणाला, मला काय कळतंय आक्का, लोक बोलत्यात. मग म्हणाला, ती यायला तयार असल तर मी अडवत न्हाई.

पमी दाराच्या आत अंधारात उभी होती. किती बारीक झाली होती. आक्का उठून दाराशी गेली आणि उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली. एरवी ती पोरींना दंडाला धरून ओढायची, पाठीत रट्टा घालायची, केस धरून डोकं सरळ करायची. तशी काही ती पुढं झाली नाही.

“पमे,” ती म्हणाली, “हात धरू का तुझा?”

पमीनं आधी नुसतीच मान हलवली. हो की नाही, ते मला मागून कळलं नाही. आक्काही तशीच उभी राहिली, हात खाली सोडून. मग पमीनं उंबऱ्यावरून स्वतःच हात पुढं केला.